थेरप्युटिक रिक्रिएशनची पदवी आणि ती सुचवणारी कन्सल्टन्सी : लातूरहून एक परीक्षण

लातूर पॅटर्नने मराठवाड्याला डॉक्टर आणि इंजिनिअर भरभरून दिले. पण ज्या मुलांना रुग्णांमध्ये राहून काम करायचे आहे आणि नीटमध्ये मात्र एमबीबीएसपुरते गुण पडलेले नाहीत, त्यांनी पुढे काय करावे, याचे उत्तर इथल्या शिकवण्यांच्या फलकांवर सापडत नाही. ही पोकळी परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सींनी बरोबर हेरली आहे. माझ्या भाचीला छत्रपती संभाजीनगरच्या अशाच एका कन्सल्टन्सीने ‘थेरप्युटिक रिक्रिएशन’, म्हणजे उपचारात्मक मनोरंजन, या विषयाची पदवी सुचवली. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत शिक्षक असल्यामुळे हे प्रकरण तपासून पाहण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले. त्यामुळे हे परीक्षण दुहेरी आहे. पदवी कशी आहे आणि ती आमच्या गळी उतरवणारी सेवा कशी होती, या दोन्हींबद्दल मला लिहायचे आहे. पदवीबद्दल माझे मत चांगले झाले. सेवेबद्दल तसे म्हणता येत नाही.

कन्सल्टन्सीतील मॅडमनी या पदवीचे वर्णन ‘हेल्थकेअरमधला सगळ्यात मजेचा कोर्स’ असे केले. रक्ताला हात लावायचा नाही, रात्रपाळीची कटकट नाही, रुग्णांबरोबर खेळ खेळायचे, गाणी म्हणायची, चित्रे काढायची आणि पगार डॉलरमध्ये घ्यायचा, असा त्यांच्या बोलण्याचा गोषवारा होता. माझी बहीण तिथल्या तिथे म्हणाली, “म्हणजे शेत विकून पोरीला खेळायला पाठवायचं का?” तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या गुळगुळीत माहितीपत्रकात नव्हते. ते मला विद्यापीठांचे अभ्यासक्रम, अमेरिकेतील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नियम आणि आपल्याकडचे कायदे वाचताना सापडले.

या विषयाचा गाभा एका उदाहरणाने चांगला उलगडतो. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसलेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडचे लक्षच हरपते. डोळे शाबूत असतात, पण ताटाच्या डाव्या अर्ध्यात वाढलेली भाकरी त्यांच्या लेखी नसतेच. ते उजवीकडची भाजी संपवतात आणि अजून भूक आहे म्हणून सांगतात. असा एक साठीचा शेतकरी रुग्णालयात आहे आणि त्याला तरुणपणी कॅरमचा नाद होता, असे समजा. रिक्रिएशन थेरपिस्ट त्याच्यासमोर बोर्ड मांडतो, तेव्हा सोंगट्या मुद्दाम डाव्या कोपऱ्याकडे जास्त ठेवतो, त्या कोपऱ्यावर ठळक रंगाची पट्टी चिकटवतो, जोडीदाराला डावीकडे बसवतो आणि प्रत्येक डावात रुग्णाने किती सोंगट्या आपणहून शोधल्या, याची नोंद ठेवतो. रुग्णाच्या फाइलमध्ये उद्दिष्ट लिहिलेले असते ते असे: चार आठवड्यांच्या अखेरीस, अर्ध्या तासाच्या डावात, कोणी न सुचवता, डाव्या बाजूच्या दहापैकी आठ सोंगट्या शोधणे. रंगीत पट्टी हळूहळू काढून घेतली जाते, सोंगट्यांची मांडणी अवघड होत जाते, आणि पुढे हीच सवय ताटावर आणि रस्त्यावर यावी म्हणून प्रयत्न होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हा वेळ घालवण्याचा खेळ वाटेल. खेळणाऱ्या शेतकऱ्यालाही तसेच वाटले, तर थेरपिस्टला ते हवेच असते, कारण कंटाळवाण्या व्यायामाला जो रुग्ण दहा मिनिटांत वैतागतो तोच कॅरमवर तासभर बसतो.

मूल्यमापन, आखणी, अंमलबजावणी आणि फलिताची तपासणी या चार पायऱ्यांवर सगळी पदवी उभी आहे, आणि नोंदी कशा ठेवाव्यात हे त्यात शेवटपर्यंत शिकवले जाते. स्काउट ली गन आणि कॅरॉल पीटरसन यांनी १९७८ मध्ये मांडलेला आराखडा आजही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी भेटतो. त्यात कामाचे तीन भाग केले आहेत. पहिल्या भागात हातापायांची, लक्षाची, बोलण्याची किंवा भावनांची जी क्षमता कमी पडते तिच्यावर उपचार असतो. दुसऱ्यात माणसाला आपला मोकळा वेळ कसा घालवावा हे शिकवले जाते. तिसऱ्यात थेरपिस्ट मागे सरतो आणि माणूस आपल्या मर्जीने, आपल्या माणसांत भाग घेऊ लागतो. मला यातला दुसरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दारू सोडलेल्या माणसाची संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ रिकामी पडते, आणि घसरगुंडी बहुधा तिथूनच सुरू होते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनी रुग्णांसाठी गटचर्चेबरोबर योग, संगीत आणि कला यांना जी जागा मिळाली आहे, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खेळ हा उपचार होऊ शकतो, ही कल्पना काही कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकातून जन्मलेली नाही. लुडविग गुटमान या डॉक्टरांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांना खेळायला लावले आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ त्या आवारात आहे. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमधून ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. बहिणीला मी पेटकरांचे नाव सांगितले तेव्हा शेत विकण्याचा मुद्दा तिने सोडला नाही, पण ‘खेळायला पाठवायचं का’ हा सूर मात्र गेला.

आता अभ्यासक्रमाकडे येतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ (ब्लूमिंग्टन), फिलाडेल्फियाचे टेम्पल, युटा विद्यापीठ, साउथ कॅरोलायनातील क्लेमसन येथे आणि कॅनडात डलहौसी, ब्रॉक व ब्रिटिश कोलंबियातील डग्लस कॉलेज येथे हा विषय पदवीपातळीवर शिकवला जातो. चार वर्षांत शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, मानसिक विकृतींचे मानसशास्त्र, जन्मापासून वार्धक्यापर्यंतचा मानवी विकास हे आधाराचे विषय येतात, आणि त्यांच्यावर रुग्णाचे मूल्यमापन, कार्यक्रमाची आखणी, गट चालवण्याचे कौशल्य, संस्थेचे प्रशासन, व्यावसायिक नीती हे मुख्य विषय चढतात. म्हणजे ‘सोपा कोर्स’ ही समजूत पहिल्याच सत्रात गळून पडावी. ज्या मुलीने बारावीला जीवशास्त्र मन लावून केले आहे तिला शरीररचना जड जाणार नाही. तिची कसोटी लेखनात लागेल, कारण या पदवीत निरीक्षणे शब्दांत मांडण्याचे काम प्रचंड आहे आणि आपल्या शाळा-कॉलेजांत त्याची सवय कोणी लावत नाही.

या पदवीतला सर्वांत भक्कम भाग इंटर्नशिपचा आहे. अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेली ‘नॅशनल कौन्सिल फॉर थेरप्युटिक रिक्रिएशन सर्टिफिकेशन’, थोडक्यात एनसीटीआरसी, ही संस्था सीटीआरएस (सर्टिफाइड थेरप्युटिक रिक्रिएशन स्पेशलिस्ट) हे प्रमाणपत्र देते. त्यासाठी पदवी आणि ठरावीक विषय पुरे करावे लागतात. शिवाय सलग किमान चौदा आठवडे, किमान ५६० तास, स्वतः सीटीआरएस असलेल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करावे लागते, आणि मग संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, त्यानंतर काम आणि पुढील शिक्षण यांचे तास दाखवून त्याचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या शाळेत सराव पाठासाठी येणारे विद्यार्थी वहीवर सही घेऊन दुपारीच पसार होतात, हे दरवर्षी पाहत आल्यामुळे ही अट मला विशेष भावली. मात्र त्याच अटीत आपल्यासाठी एक पेच आहे. चार वर्षे तिकडे शिकून इंटर्नशिप घरी येऊन करू, असे कोणाच्या मनात असेल तर इथे सीटीआरएस असलेला मार्गदर्शक मिळणे फार कठीण आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

कन्सल्टन्सीच्या कामातली सर्वांत गंभीर चूक इथेच झाली. मॅडमनी सुचवलेल्या तीन कोर्सेसपैकी एक प्रत्यक्षात ‘रिक्रिएशन मॅनेजमेंट’चा होता, म्हणजे उद्याने, क्रीडासंकुले आणि पर्यटन चालवण्याचा. अनेक विद्यापीठांत दोन्ही विषय एकाच विभागात असतात, त्यामुळे नावात गफलत होणे समजण्यासारखे आहे. पण त्या अभ्यासक्रमात रुग्णाच्या मूल्यमापनाचा एकही विषय नव्हता आणि तो पूर्ण करून सीटीआरएसच्या परीक्षेला बसता आले नसते. मी हे दाखवल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, नंतर ॲड करता येतं.” काय जोडायचे आणि त्यासाठी किती सत्रे लागतील, हे विचारल्यावर त्यांनी आतल्या खोलीत फोन लावला आणि उत्तर ईमेलने येईल असे सांगितले. सीटीआरएस ही अक्षरे त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली असावीत. जी पदवी आपण विकतो तिचा शेवट कोणत्या परीक्षेत होतो, एवढे तरी विकणाऱ्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही. ईमेल आलीच नाही.

न्यायाने बोलायचे तर सेवेत चांगलेही काही होते. कागदपत्रांची यादी त्यांनी नेमकी दिली, भाचीच्या निवेदनपत्राचा पहिला मसुदा कॉपी-पेस्ट न करता तिच्याकडूनच लिहून घेतला, बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी लागणारे पत्र दोन दिवसांत तयार केले. व्हिसाच्या कागदांत ही मंडळी वाकबगार आहेत. विषयाचा सल्ला मात्र त्यांच्याकडून घेऊ नये. माझ्या हिशेबाने कागदपत्रांना पाचपैकी चार, सल्ल्याला पाचपैकी एक.

पैशांचा हिशेब केल्याशिवाय आपल्याकडे कोणतीही पदवी पुरी होत नाही. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांची नुसती शिकवणी फी वर्षाला साधारण तीस ते चाळीस हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे पंचवीस लाखांहून अधिक रुपये, आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. त्या बदल्यात मिळणारे काम कोणते, ते पाहू. अमेरिकेत रिक्रिएशन थेरपिस्टच्या नोकऱ्या एकूण वीस हजारांच्या आत आहेत. फिजिओथेरपिस्टांची संख्या तिथे लाखांत मोजतात, त्या मानाने हा व्यवसाय फार लहान आहे. अलीकडच्या सरकारी आकड्यांत मध्यम वार्षिक वेतन साठ हजार डॉलरच्या आसपास येते, आणि ते ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजच्या कामांचा सराव देऊन उपचार करणाऱ्याच्या) वेतनापेक्षा बरेच कमी आहे. नोकऱ्या रुग्णालयांत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांत, मानसोपचार केंद्रांत आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत असतात. शुश्रूषागृहांत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली उपक्रम चालले पाहिजेत, असा संघराज्याचा नियम असल्यामुळे तिथली गरज कायम राहते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पुनर्वसन रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला दिवसाला सुमारे तीन तासांची सघन थेरपी मिळावी, असा मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा, दंडक आहे, पण त्या तीन तासांत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचोपचार असे उपचार धरले जातात आणि २०१० पासून रिक्रिएशन थेरपी त्या मोजदादीत येत नाही. ज्या तासाचे वेगळे बिल निघत नाही, त्या तासाचा माणूस काटकसरीच्या वर्षी पहिला डोळ्यांवर येतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. युटा, नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा, न्यू हॅम्पशायर आणि न्यू जर्सी अशा मोजक्याच राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो; बाकी ठिकाणी सीटीआरएस हीच ओळख. परदेशी विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. पदवीनंतर तिकडे बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते, आणि संगणक किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना जे आणखी चोवीस महिने मिळतात ते या विषयाला मिळत नाहीत. बारा महिन्यांत प्रमाणपत्र, नोकरी आणि पुढच्या व्हिसासाठी कोणी पुरस्कर्ता, हे तिन्ही जमवायचे आहे. कन्सल्टन्सीच्या पत्रकात ‘तीन वर्षे वर्क परमिट’ असे सरसकट छापले होते.

कॅनडाचे चित्र थोडे निराळे आहे. तिथे वृद्धांची संख्या आणि दीर्घकालीन शुश्रूषागृहांची गरज दोन्ही मोठ्या आहेत, आणि ओंटारिओच्या नियमांनुसार अशा गृहांत मनोरंजन व सामाजिक उपक्रमांची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे या किंवा याच्याशी संबंधित विषयाची पदविका वा पदवी असावी लागते. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी तिकडे दोन वर्षांची पदविका करून अशाच एका गृहात लागली आहे. तिच्या सांगण्यानुसार दिवसातले अर्धे काम स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांबरोबर आणि अर्धे संगणकावर नोंदी करण्यात जाते, आणि शनिवार-रविवार सुट्टी मिळेलच याची खात्री नसते, कारण नातेवाईक तेव्हाच भेटायला येतात आणि कार्यक्रमही तेव्हाच ठेवावे लागतात.

परत येऊन इथे काम करायचे म्हटले तर काय, हा प्रश्न कन्सल्टन्सीत कोणी विचारत नाही, कारण परत येण्याचा विचार त्यांच्या धंद्यात बसत नाही. मला मात्र तोच मुख्य वाटतो. कायद्याच्या पुस्तकात या व्यवसायाला जागा आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा जो कायदा २०२१ मध्ये झाला, त्याच्या अनुसूचीत कला व नृत्य-हालचाल उपचारकांच्या ओळीतच रिक्रिएशनल थेरपिस्टचे नाव आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम २० सांगते की मानसोपचार संस्थेत दाखल असलेल्या प्रत्येक व्यक्तीला फुरसत, मनोरंजन, शिक्षण आणि धर्माचरण यांसाठी वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही सांस्कृतिक जीवन, मनोरंजन आणि खेळ यांची स्वतंत्र कलमे आहेत. पण कलम आहे म्हणून पद निघत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. आमच्याकडच्या विशेष शाळांत, वृद्धाश्रमांत, व्यसनमुक्ती केंद्रांत हे काम चालते, पण ते करणाऱ्याला कुठे कला शिक्षक म्हणतात, कुठे समाजसेवक, आणि बऱ्याच ठिकाणी ते काम ज्याचा हात मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडते. आमच्या शाळेत सध्या ते माझ्या गळ्यात आहे.

म्हणून मला या पदवीचा एक फायदा नोकरीबाहेरचाही दिसतो. मी तिच्या अभ्यासातल्या आवडी-निवडींच्या प्रश्नावल्या मिळवून पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकी घराला शोभतील अशा छंदांच्या आहेत, आणि त्यांचे नुसते भाषांतर इथे चालत नाही. एका विद्यार्थ्याच्या औसा तालुक्यातल्या आजीला झटक्यानंतर शब्द अडू लागले होते. तिला मी विचारले, “आजी, मोकळ्या वेळात काय करायला आवडतं?” आजी म्हणाली, “मोकळा येळ? कशाचा?” आणि गप्प झाली. जन्मभर मोकळा वेळ नावाचा कप्पाच जिच्या दिवसात नव्हता, तिला फुरसतीची प्रश्नावली काय उपयोगाची? मग तिच्यापुढे सुपात तूर ठेवली आणि जात्यावर तुम्ही काय म्हणायचा, असे विचारले. साध्या बोलण्यात ज्या आजीला नातवाचे नाव आठवायला वेळ लागत होता तिने तूर निवडता निवडता ओव्या न अडखळता म्हटल्या. वाचा गेलेल्या रुग्णांना पाठ असलेली गाणी म्हणता येतात, हे मेंदूविज्ञानातले जुने निरीक्षण आहे. मी ते त्या सुपासमोर पाहिले. मी प्रशिक्षित नसल्यामुळे त्यापुढे काय करायचे, किती वेळ, कोणत्या उद्दिष्टाने आणि नोंद कशी ठेवायची, हे मला येत नव्हते. ते शिकवणारी ही पदवी आहे. भजनी मंडळ, भारूड, येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात मांडलेली पांडवांची पूजा आणि अंबिलाची मडकी, पोरींचे सागरगोटे, तालमीतली माती, हे सगळे आपल्याकडे तयार आहे. यातले कोणाला, केव्हा आणि कोणत्या प्रमाणात द्यावे, हे ठरवणारा माणूस नाही. ब्लूमिंग्टनमध्ये शिकून आलेल्या मुलीला पहिली दोन वर्षे आपल्या याद्या नव्याने लिहाव्या लागतील, आणि तेही कोणी पगार देत असेल तर.

हे सगळे तोलल्यावर माझे मत असे बनले की बारावीनंतर थेट चार वर्षांची परदेशी पदवी हा मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरासाठी धोक्याचा सौदा आहे. ज्यांची आर्थिक बाजू भक्कम आहे आणि ज्यांना तिकडेच स्थायिक व्हायचे आहे, त्यांच्यासाठी पदवी उत्तम. बाकीच्यांनी आधी इथे असा विषय घ्यावा ज्याच्यावर इथेही पोट भरेल, आणि मग हवे तर पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जावे. एनसीटीआरसीच्या अटींतले विषय आणि इंटर्नशिप पदव्युत्तर पातळीवर पुऱ्या करता येतात, आणि चार वर्षांऐवजी दोनच वर्षांची फी भरावी लागते. पाया म्हणून ऑक्युपेशनल थेरपी मला सर्वांत जवळची वाटते. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये तिचे शिक्षण सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्रात हा व्यवसाय रुजलेला आहे, आणि तिला प्रवेश नीटच्या गुणांवरच मिळतो. मानसशास्त्राची पदवी किंवा समाजकार्य हेही चालेल. टिसचे, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचे, आवार तर आपल्या तुळजापुरातच आहे. नृत्य-हालचाल उपचारासाठी टिसने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर पदविका सुरू केली होती, त्या धर्तीचे छोटे अभ्यासक्रमही पाहून ठेवावेत. मात्र कन्सल्टन्सीने ‘स्वस्तातला पर्याय’ म्हणून आमच्यापुढे जे काही आठवड्यांचे ऑनलाइन रिक्रिएशनल थेरपी सर्टिफिकेट ठेवले, त्यापासून दूर राहावे. त्यात ना शरीररचना, ना रुग्ण, ना मार्गदर्शक. भिंतीवर लावायला ते छान दिसेल.

भाचीने ऑक्युपेशनल थेरपीचे पर्याय भरले आहेत. निर्णय तिचा आहे. मामाने फक्त कागद वाचले.

ज्यांना या पदवीसाठी कोणत्याही कन्सल्टन्सीत जायचे आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी तिथे बसूनच काही गोष्टी मागाव्यात. सुचवलेल्या पदवीचे पूर्ण विषयपत्रक मागावे आणि त्यात शरीररचना, मानसिक विकृती व मानवी विकास यांच्यासोबत रुग्णाचे मूल्यमापन हा विषय आहे का, ते स्वतः पाहावे. इंटर्नशिप विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची, हे विद्यापीठाच्या विभागालाच ईमेल करून विचारावे. विभागप्रमुखांचे पत्ते संकेतस्थळांवर असतात आणि आम्हाला त्यांच्याकडून कन्सल्टन्सीपेक्षा लवकर उत्तरे आली. अभ्यासक्रमाला सीएआरटीई किंवा सीओएपीआरटी या अभ्यासक्रम तपासणाऱ्या अमेरिकी मंडळांपैकी कोणाची मान्यता आहे का, हेही विचारावे. मान्यता नसली म्हणजे पदवी वाईट असे नव्हे, पण असली तर बरीच तपासणी दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली असते. आणि नोंदणी फीच्या पावतीचा कोरा नमुना मागून घ्यावा. आमच्या पावतीच्या मागच्या बाजूला, शिक्क्याच्या खाली, रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही अशी ओळ बारीक अक्षरांत होती आणि पावती हातात पडते ती पैसे दिल्यानंतर. चुकीचा कोर्स सुचवल्याचे लेखी दाखवून आम्ही अर्धी रक्कम तरी परत मागितली आहे; उत्तर आलेले नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करण्याची तयारी सुरू आहे.